स्वस्त गोटी-पान्यांची पारख आणि ‘आजीवन’ हमीचा अर्थ

साखर कारखान्यांचे गाळप सुरू झाले की अहिल्यानगर जिल्ह्यातील रस्त्यांवर उसाने भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रीघ लागते. नगर-मनमाड आणि नगर-दौंड या रस्त्यांवर त्यात मालमोटारींची भर पडते. या वर्दळीच्या आधाराने कोपरगावपासून श्रीगोंद्यापर्यंत रस्त्याकडेची शेकडो लहान गॅरेजेस जगतात. एक मेस्त्री, एक-दोन हाताखालची मुले आणि एक हत्यारांची पेटी एवढेच त्यांचे भांडवल असते. ऐन हंगामात ट्रॅक्टर बंद पडला आणि नट सोडवताना गोटी घसरून नटाचे कोपरे मारले गेले, तर दहा मिनिटांचे काम छिन्नी आणि वेल्डिंग मशीनपर्यंत जाऊन पोहोचते. गाडीवाल्याची खेप बुडते, मेस्त्रीची मजुरी बुडते आणि बोटे सोलपटतात ती निराळीच.

म्हणूनच गोटी-पान्याची, म्हणजे सॉकेट सेटची, खरेदी ही वाटते तितकी किरकोळ बाब नाही. नगरला वाहनांची कारागिरी नवी नाही. लूना या मोपेडमुळे १९७० च्या दशकात घरोघरी पोहोचलेल्या कायनेटिकचा कारखाना नगर-दौंड रस्त्यावर आहे आणि लष्करी वाहनांवर संशोधन करणारी संरक्षण खात्याची संस्था वाहननगरला आहे. मोठ्या कारखान्यात हत्यार निवडायला स्वतंत्र विभाग असतो. आयटीआयमधून नुकत्याच बाहेर पडलेल्या मुलाला मात्र दुकानदाराचा शब्द, पेटीवरचा छाप आणि खिशातील पैसे एवढ्यावरच निर्णय घ्यावा लागतो. घरी दुचाकी किंवा मोटार असणाऱ्या शहरी ग्राहकाची अवस्थाही फारशी वेगळी नसते.

बाजारात सर्वाधिक खपते ती प्लास्टिकच्या पेटीतील ४६ नगांची ‘संपूर्ण किट’. पाचशे-सातशे रुपयांत छेचाळीस वस्तू मिळतात, म्हणून ग्राहक हरखतो. पेटी उघडून नग मोजले तर चित्र बदलते. त्यात गोट्या साधारण तेरा असतात, त्याही ४ ते १४ मिलिमीटरच्या. उरलेल्यांत मोठा भरणा स्क्रू-ड्रायव्हरच्या बिटांचा आणि बारीक ॲलन चाव्यांचा. मोटारीच्या चाकाला लागणारी १७, १९ किंवा २१ ची गोटी त्यात नसते. नगांची संख्या हे विक्रेत्याचे माप आहे. घेणाऱ्याने आपल्या गाडीला कोणते माप रोज लागते ते पाहावे. हिंदुस्थानी रस्त्यांवरील बहुतेक दुचाकींना ८, १०, १२, १४ आणि १७ या मापांवर बहुतांश काम भागते. मोटारीसाठी त्यात १३, १९ आणि २१ ची भर पडते.

चौकोनाचे गणित

गोटीच्या मागच्या बाजूस चौकोनी भोक असते व त्यात दांड्याचा चौकोन बसतो. या चौकोनाच्या मापावरून सेटची जात ठरते: पाव इंची, तीन-अष्टमांश इंची, अर्धा इंची आणि त्याहून मोठे. ४६ नगांची पेटी पाव इंची असते. ती इलेक्ट्रिकल फिटिंग, घरातील यंत्रे आणि दुचाकीचे बारीक नट यांसाठी चांगली आहे. चाकाच्या नटासाठी नाही.

हे का, ते साध्या हिशेबाने पाहता येते. पाव मीटर लांबीच्या दांड्याच्या टोकावर माणसाने तीस किलोचा जोर लावला, तर नटावर सुमारे ७५ न्यूटन-मीटर इतका पीळ पडतो. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे पाव इंची रॅचेटने कसोटीत सोसावयाचा पीळ साठ न्यूटन-मीटरच्या आसपास आहे, तर अर्धा इंची रॅचेटसाठी तो पाचशेहून थोडा अधिक आहे. म्हणजे पाव इंची रॅचेट चांगल्या प्रतीचा असला तरी धट्ट्याकट्ट्या हाताने तो मोडू शकतो. आता अर्धा इंची दांड्यात एक मीटरचा पाइप घालून साठ किलो वजनाचा मुलगा त्यावर उभा राहिला, की पीळ जवळजवळ ५९० न्यूटन-मीटरवर जातो. कसोटीची मर्यादा तेथेच ओलांडली जाते. पाइप घालून नट सोडवणे ही आपल्याकडील सर्रास पद्धत आहे, आणि रॅचेटचे दाते तुटण्याचे ते एक प्रमुख कारण आहे. अडलेला नट आधी टी-हँडलने किंवा लांब साध्या दांड्याने सोडवावा, मग मोकळा झाल्यावर रॅचेट लावावा. जुने मेस्त्री हेच करतात. रॅचेट हे वेग वाढवण्याचे साधन आहे, ताकद वाढवण्याचे नव्हे.

गोटीच्या आतील कोपऱ्यांकडेही लक्ष हवे. काही गोट्यांत सहा कोपरे असतात, काहींत बारा. बारा कोपऱ्यांची गोटी नटावर चटकन बसते, अडचणीच्या जागी ती सोयीची पडते. परंतु तिचा स्पर्श नटाच्या टोकांजवळ होतो. नट गंजलेला किंवा आधीच थोडा झिजलेला असेल तर ती कोपरे मारते. सहा कोपऱ्यांची गोटी अशा ठिकाणी अधिक विश्वासाची. चांगल्या उत्पादकांच्या गोट्यांत आतील कोपरे किंचित गोलाकार केलेले असतात, त्यामुळे जोर नटाच्या टोकावर न पडता सपाट बाजूवर पडतो. एकच सेट घेणे परवडत असेल तर सहा कोपऱ्यांचाच घ्यावा, असे आमचे मत आहे.

ग्रामीण भागात आणखी एक अडचण येते, ती सुती मापांची. १९६० च्या दशकात ब्रिटिश आणि अमेरिकी कंपन्यांच्या सहकार्याने आपल्याकडे जे ट्रॅक्टर बनू लागले, त्या घराण्यांतील जुन्या यंत्रांवर इंची नट-बोल्ट आजही सापडतात. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. सहा सुती, म्हणजे पाऊण इंची नट १९.०५ मिलिमीटरचा असल्याने १९ च्या गोटीने बहुधा निभावते. पाच सुतीला १६ ची गोटी चालते. साडेचार सुती नट मात्र १४.२९ मिलिमीटरचा. त्यावर १४ ची गोटी जात नाही आणि १५ ची जवळजवळ पाऊण मिलिमीटर सैल बसते. साडेपाच सुतीचेही तसेच: १७ ची चढत नाही, १८ ची खेळते. ‘गोटी खराब निघाली’ अशी तक्रार घेऊन येणाऱ्या अनेकांचा दोष गोटीत नसून मापात असतो. जुना ट्रॅक्टर दुरुस्त करणाऱ्याने मिलिमीटरच्या सेटला आणखी वीस नग जोडण्यापेक्षा सुती मापाच्या चार-पाच सुट्या गोट्या घेणे शहाणपणाचे.

पोलाद, पाणी आणि छाप

जवळजवळ प्रत्येक गोटीवर आज ‘क्रोम व्हॅनेडियम’ हा छाप दिसतो. पोलादात सुमारे एक टक्का क्रोमियम आणि अल्पसे व्हॅनेडियम मिसळले की ते चिवट होते, हे खरे. पण नुसत्या मिश्रणाने हत्यार तयार होत नाही. गोटी घडवल्यावर ती तापवून तेलात विझवावी लागते आणि नंतर ठरावीक उष्णतेवर पुन्हा तापवून तिचा ठिसूळपणा काढावा लागतो. लोहाराच्या भाषेत सांगायचे तर तिला नीट ‘पाणी’ द्यावे लागते. पाणी कमी पडले तर गोटी मऊ राहते व तिचे तोंड फाकते. जास्त झाले तर ती काचेसारखी तडकते. स्वस्त मालात खर्च वाचवला जातो तो बहुधा याच टप्प्यावर, आणि तो डोळ्यांना दिसत नाही. छाप मारायला मात्र फारसा खर्च येत नाही. ज्या गोटीवर केवळ धातूचे नाव आहे आणि बनवणाऱ्याचे नाव नाही, तिच्यावरील धातूच्या नावालाही किंमत नाही असेच समजावे.

दुकानात उभ्या-उभ्या काय तपासता येईल? लोहचुंबक लावून पाहण्याचा प्रकार निरर्थक आहे. साधे लोखंडही चुंबकाला चिकटते. गोटी फरशीवर आपटून आवाज ऐकणेही तितकेच फसवे. त्यापेक्षा गोटी उजेडात धरून तोंडाकडून पाहावी. भिंतीची जाडी सर्व बाजूंनी सारखी आहे का? एका बाजूस जाड आणि दुसऱ्या बाजूस पातळ असलेली गोटी पातळ बाजूनेच फुटणार. तोंडाच्या कडेवरील चकाकीला फोड किंवा पापुद्रे असतील तर ती पेटी बाजूला ठेवावी, कारण उडालेला क्रोमचा पापुद्रा ब्लेडसारखा धारदार असतो. मापाचे आकडे सुबक आणि खोल उमटलेले असावेत. वर्षभर तेलाच्या हाताने वापरल्यावर उथळ आकडे वाचता येत नाहीत.

सर्वांत विश्वासाची चाचणी म्हणजे स्वतःसोबत नेलेला बोल्ट. खरेदीला जाताना १० आणि १७ चे दोन नवे, चांगल्या प्रतीचे बोल्ट खिशात ठेवावेत. गोटी बोल्टावर बसवून हलकेच डावी-उजवीकडे फिरवावी. थोडी मोकळीक हवीच, नाहीतर रंग चढलेल्या नटावर गोटी जाणार नाही. पण डोळ्यांना स्पष्ट दिसेल इतका खेळ असेल, तर तो सेट कोणत्याही किमतीला महागच. त्यानंतर गोटी दांड्यावर चढवून उलटी धरावी. ती आपोआप गळून पडता कामा नये आणि काढताना दातही लावावे लागू नयेत. रॅचेट कानाजवळ फिरवून पाहावा. आवाज एकसारखा यावा. दात्यांची संख्या विचारावी. २४ दाते असतील तर दर खेपेस पंधरा अंश हात फिरवावा लागतो, ७२ असतील तर पाचच अंश पुरतात. इंजिनाच्या कोंदट जागेत हा फरक फार मोठा. मात्र अतिशय स्वस्त रॅचेटमध्ये बारीक दातेच आधी झडतात, म्हणून कमी किमतीत कमी आणि जाड दात्यांचा रॅचेट निवडणे बरे. उलट-सुलट दिशा बदलणारी कळ पाच-सहा वेळा फिरवून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

टायरच्या दुकानांतील एका धोकादायक सवयीचा उल्लेख येथे केलाच पाहिजे. हवेच्या गनवर चकचकीत क्रोमची गोटी लावणे जिवावर बेतू शकते. हातपान्याची गोटी सलग पिळासाठी बनवलेली असते, हातोड्यासारख्या ठोक्यांसाठी नाही. ती तडकली तर तिचा तुकडा थेट डोळ्यात जातो. गनसाठी जाड भिंतीच्या, काळ्या रंगाच्या, बहुधा क्रोम मॉलिब्डेनम पोलादाच्या गोट्या वेगळ्या मिळतात. चकचकीत गोटी गनवर फुटली तर कोणतीही कंपनी हमी मान्य करीत नाही, आणि ते योग्यच आहे.

हमी कुणाची, कुठे आणि किती काळ?

हातहत्यारांवरील ‘आजीवन हमी’ची कल्पना अमेरिकेत रुजली. सीअर्स या दुकानसाखळीने १९२७ मध्ये ‘क्राफ्ट्समन’ ही मुद्रा घेतली आणि पुढे या हत्यारांची ओळख एका वचनाने झाली: पाना मोडला तर जवळच्या दुकानात आणा, बिल न विचारता नवा घेऊन जा. पिढ्यान् पिढ्या अमेरिकी कामगारांनी या वचनावर ती हत्यारे घेतली. पुढे सीअर्सची दुकाने एकामागून एक बंद होऊ लागली. २०१७ मध्ये ही मुद्रा दुसऱ्या कंपनीला विकली गेली, आणि २०१८ मध्ये सीअर्सने दिवाळखोरीचा अर्ज केला. हमी कागदोपत्री शाबूत राहिली, परंतु ज्या काउंटरवर मोडका पाना ठेवायचा ते काउंटरच अनेक गावांतून नाहीसे झाले.

आपल्याकडे प्रश्न याच्या पुढचा आहे. आपल्या स्वस्त पेट्यांवरील ‘लाइफटाइम वॉरंटी’ या शब्दांमागे बऱ्याचदा काउंटर मुळातच नसते. म्हणून पेटीवरील शब्द वाचण्याआधी पत्ता वाचावा. वेष्टनबंद वस्तूंच्या २०११ च्या नियमांप्रमाणे उत्पादक किंवा आयातदार यांचे नाव व पत्ता, महिना व वर्ष, कमाल किरकोळ किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क हे वेष्टनावर छापणे बंधनकारक आहे. माल परदेशी असेल तर तो कोणत्या देशात बनला तेही. हा मजकूर नसलेल्या पेटीवर आजीवनच काय, दहा जन्मांची हमी छापली तरी ती मागायची कुणाकडे? याउलट नाशिकच्या सातपूर वसाहतीत कारखाना असलेल्या टपारियासारख्या कंपनीचे, किंवा जालंधर-लुधियानाच्या जुन्या हत्यार-उद्योगातील एखाद्या नामांकित उत्पादकाचे हत्यार घेतले, तर निदान पत्र कुठे धाडायचे ते ठाऊक असते.

हमीच्या अटी बारीक अक्षरांत असतात आणि त्या बहुतेक कंपन्यांच्या सारख्याच असतात. हमी उत्पादनातील दोषापुरती असते. झीज, गंज, गैरवापर, पाइप लावणे, गनवर वापरणे यांना ती लागू नसते. ‘आजीवन’ म्हणजे ग्राहकाचे आयुष्य नव्हे, हत्याराचे सर्वसाधारण वापरातील आयुष्य. रॅचेटच्या आतील यंत्रणेला पुष्कळदा वगळलेले असते किंवा तिची मुदत वेगळी असते. आणि सेटमध्ये सर्वांत आधी बिघडतो तो रॅचेटच. म्हणून दुकानदाराला एकच प्रश्न विचारावा: ‘रॅचेट बिघडला तर बदलून कोण देणार, तुम्ही की कंपनी?’ उत्तर मिळाले तर तेच बिलावर लिहून सही-शिक्का घ्यावा. लिहून द्यायला जो कचरतो, त्याच्या तोंडी हमीचे मोल तेवढेच.

कायदा मात्र पेटीवरील मजकुरापुरता थांबत नाही. १९३० च्या वस्तुविक्री कायद्यातील सोळाव्या कलमानुसार, ग्राहकाने कामाचे स्वरूप सांगून विक्रेत्याच्या जाणकारीवर विसंबून त्याच्या धंद्यातील वस्तू घेतली असेल, तर ती त्या कामास योग्य असण्याची अट न लिहिताही गृहीत धरली जाते. त्यामुळे ‘ट्रॅक्टरच्या चाकासाठी हवे आहे’ हे दुकानात स्पष्ट सांगणे आणि शक्य तर बिलावर लिहवून घेणे लाभाचे असते.

दुकानदारांकडून एक युक्तिवाद हमखास ऐकू येतो: ‘तुम्ही धंद्यासाठी घेतले, तुम्हाला ग्राहक कायदा लागू नाही.’ हे अर्धसत्य आहे. व्यापारी हेतूने घेतलेल्या वस्तू कायद्याच्या कक्षेबाहेर आहेत, पण केवळ स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठी घेतलेल्या वस्तू नाहीत. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तसे स्पष्टीकरण आहे. पूर्वीच्या कायद्याखालील लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्स विरुद्ध पीएसजी इंडस्ट्रियल इन्स्टिट्यूट या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये याचा सविस्तर ऊहापोह केला. स्वतः चालवण्यासाठी रिक्षा घेणारा किंवा स्वतः काम करण्यासाठी लेथ मशीन घेणारा हा ग्राहकच आहे, आणि त्याने मदतीला एक-दोन माणसे घेतली म्हणून त्याचे ग्राहकपण संपत नाही, असे न्यायालयाने म्हटले. त्या खटल्यातील तक्रारदाराला स्वतःला यश आले नाही, तरी त्यातील या उदाहरणांचा आधार रस्त्याकडेच्या मेस्त्रीला आजही घेता येईल. दहा-पंधरा कामगारांच्या वर्कशॉपची गोष्ट अर्थातच निराळी.

२०१९ च्या कायद्याने आणखी एक महत्त्वाची तरतूद आणली, ती उत्पादन दायित्वाची. सदोष गोटी फुटून इजा झाली तर भरपाईसाठी उत्पादकावर दावा लावता येतो. उत्पादकाचा पत्ताच लागत नसेल, किंवा तो भारतीय कायद्याच्या आवाक्याबाहेर असेल, तर विक्रेत्यावर जबाबदारी येऊ शकते. बिननावाच्या मालाचे ढीग लावणाऱ्या दुकानदारांनी हे कलम वाचून ठेवायला हवे. अर्थात हत्याराचा गैरवापर झाला असेल तर हा आधार टिकत नाही.

तक्रार ग्राहक जेथे राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे करता येते. माल दिल्लीच्या विक्रेत्याकडून ऑनलाइन मागवला असला तरी संगमनेर किंवा शेवगावच्या ग्राहकाला अहिल्यानगरच्या आयोगाकडे दाद मागता येते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीसाठी शुल्क नाही. मुदत तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची. दीडशे रुपयांच्या गोटीसाठी कोणी आयोगाची पायरी चढणार नाही, हे आम्हालाही कळते. परंतु १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवायला काही खर्च येत नाही. ऑनलाइन बाजारपेठांना तर २०२० च्या नियमांनी तक्रारीची पोच ४८ तासांत देणे आणि महिनाभरात तिचे निवारण करणे बंधनकारक केले आहे.

मर्यादित पैशांत काय घ्यावे, असे कोणी विचारले तर आमचा सल्ला पेटीच्या विरुद्धच पडेल. नामांकित बनावटीचा एक अर्धा इंची रॅचेट, एक टी-हँडल, पाच आणि दहा इंची दोन एक्स्टेंशन आणि आपल्या गाडीला लागणाऱ्या सहा-सात सुट्या गोट्या एवढ्याने सुरुवात करावी. गोटी हरवली किंवा मोडली तर तेवढीच बदलता येते. ज्या बनावटीच्या सुट्या गोट्या आपल्या तालुक्याच्या गावी मिळत नाहीत, तिचा सेट स्वस्त असला तरी टाळावा. दहाची गोटी हरवणार, हे गृहीत धरून ती आधीच दोन घ्यावी! बारीक कामासाठी पाव इंची पेटी नंतर, सवडीने घेता येईल.

गोटी मोडलीच तर तिचे तुकडे फेकून देऊ नयेत. उत्पादनाचा दोष की गैरवापर, हे बहुधा त्या तुटलेल्या कडेवरूनच ठरते. आणि बिलाचे छायाचित्र दुकानातच काढून ठेवावे, कारण हल्लीच्या यंत्रातून निघणाऱ्या गुळगुळीत कागदावरील अक्षरे गॅरेजच्या उन्हात काही महिन्यांतच उडून जातात.